नाताळचे नाटक आणि श्रोत्याचा प्रश्न : 'द बेस्ट ख्रिसमस पेजन्ट एव्हर' या चित्रपटाविषयी

बार्बरा रॉबिन्सन या अमेरिकन लेखिकेची 'द बेस्ट ख्रिसमस पेजन्ट एव्हर' ही छोटेखानी बालकादंबरी १९७२ साली प्रसिद्ध झाली. १९८३ साली तिच्यावरून एक दूरचित्रवाणीपट निघाला. लेखिकेने स्वतः केलेले तिचे नाट्यरूपांतर अमेरिकेतील शाळा, चर्चे आणि हौशी मंडळ्या वर्षानुवर्षे करीत आल्या आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये डॅलस जेन्किन्स यांनी दिग्दर्शित केलेला पूर्ण लांबीचा चित्रपट पडद्यावर आला. कुटुंबाने एकत्र बसून पाहावयाचा, नाताळच्या हंगामात चालावयाचा आणि हंगाम सरताच विसरला जावयाचा असा जो चित्रपटांचा वर्ग आहे, त्यात हा चित्रपट सहज बसतो. त्या वर्गाकडे समीक्षेने पाहू नये असा एक अलिखित संकेत आहे. परंतु या कथेच्या गाभ्याशी भाषेचा एक प्रश्न आहे, आणि तो भाषाभ्यासकाने डावलावा इतका क्षुद्र खचित नाही. एखादे वचन शेकडो वेळा पाठ म्हटले गेले की ते ऐकू येईनासे होते काय, आणि होत असल्यास ते पुन्हा ऐकू येण्यासाठी काय घडावे लागते, हा तो प्रश्न होय.

कथानक थोडक्यात असे. एका लहानशा अमेरिकन गावातील चर्चमध्ये दरवर्षी नाताळात रविवारच्या शाळेची मुले ख्रिस्तजन्माचे नाटक करतात. ते बसविणाऱ्या बाईंचा पाय मोडतो आणि ते काम ग्रेस ब्रॅडली या गृहिणीवर येऊन पडते. गावात हर्डमन नावाचे एक कुटुंब आहे. राल्फ, इमोजीन, लिरॉय, क्लॉड, ऑली व ग्लॅडिस ही त्यातील सहा भावंडे चोऱ्या करतात, मारामाऱ्या करतात, सिगार ओढतात, आणि शाळेतील इतर मुलांना त्यांची दहशत आहे. चर्चमध्ये खाऊ मिळतो असे ऐकून ही भावंडे तेथे येतात आणि दांडगाईने नाटकातील सर्व प्रमुख भूमिका बळकावतात. इमोजीन मरिया होते, राल्फ योसेफ, तिघे भाऊ पूर्वेकडील ज्ञानी पुरुष, आणि सर्वांत धाकटी ग्लॅडिस देवदूत. आता नाटकाचा विचका होणार याविषयी गावात कोणालाच शंका उरत नाही. प्रत्यक्षात जे घडते ते पुस्तकाच्या शीर्षकातच सांगून टाकले असल्याने रहस्य असे काही राहत नाही. आणि रहस्य राहत नाही म्हणूनच ते कसे घडते याकडे प्रेक्षकाचे लक्ष जाते.

ते घडते तालमीत. कथेतील सर्वांत अर्थपूर्ण प्रसंग प्रयोगाचा नसून पहिल्या तालमीचा आहे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. हर्डमन मुलांनी ही कथा कधी ऐकलेलीच नाही, असे ग्रेसच्या ध्यानात येते. तेव्हा ती लूकच्या शुभवर्तमानातील दुसरा अध्याय त्यांना वाचून दाखवू लागते. बाकीची मुले कंटाळून चुळबुळ करतात, कारण त्यांना तो तोंडपाठ आहे. हर्डमन भावंडे मात्र अडवून अडवून प्रश्न विचारतात. अमुक शब्दाचा अर्थ काय, त्या बाईला जागा का दिली नाही, राजाने असे केले तर त्याचे पुढे काय झाले! भरल्या दिवसांच्या बाईला उतारशाळेत जागा नाकारली जाते हे त्यांच्या दृष्टीने घडलेले, आणि शिक्षेस पात्र असे, कृत्य आहे. इतर मुलांच्या दृष्टीने ती रंगमंचावरील एक हालचाल आहे. योसेफाने दारावर टकटक करावयाची, भटारखान्यातून आणलेला टॉवेल डोक्यास गुंडाळलेल्या मुलाने मान हलवावयाची, इतकेच.

या दोन प्रकारच्या ऐकण्यांतील अंतर हा चित्रपटाचा खरा विषय आहे. मालिनोव्हस्की यांनी १९२३ साली ज्या भाषिक व्यवहाराला केवळ संबंध टिकविण्यासाठी केलेले बोलणे म्हणून वेगळे काढले, त्याच्या जवळ हे पाठांतर येऊन पोहोचलेले असते. वचने उच्चारली जातात, ती उच्चारली गेल्याचे समाधान सर्वांना लाभते, परंतु त्यांतून कोणी कोणाला काही सांगत नाही. या अवस्थेला दोष देण्याचे कारण नाही. सर्व विधिभाषेची ही नियती आहे आणि विधीचे सामर्थ्यही पुष्कळदा अर्थाच्या या विश्रांतीतच असते. सत्यनारायणाच्या पोथीत साधुवाण्याची नौका बुडते तेव्हा घरातील किती श्रोते दचकतात? प्रसादाची वाट पाहणारे अधिक असतात. परंतु एखादा नवखा श्रोता खरोखरच दचकला, तर त्याच्या दचकण्याने सगळ्या बैठकीची पंचाईत होते. हर्डमन भावंडे हे असे नवखे श्रोते आहेत.

रशियन समीक्षक श्क्लोव्हस्की यांनी १९१७ साली मांडलेला अपरिचितीकरणाचा सिद्धान्त येथे कोणालाही सहज आठवेल. परंतु एक भेद लक्षात घेतला पाहिजे. श्क्लोव्हस्कींच्या विवेचनात परिचित वस्तू अपरिचित करण्याचे काम लेखकाची युक्ती करते. येथे लेखिकेने मूळ वचनाला हातच लावलेला नाही. वचन जसेच्या तसे आहे, बदलला आहे तो श्रोता. किंबहुना हर्डमन मुले काही अपरिचित करीत नाहीत, ती परिचित करतात. गव्हाणीत निजवलेले बाळ म्हणजे काय हे इतर मुलांना चित्रावरून ठाऊक असते. हर्डमन मुलांना ते घरावरून ठाऊक आहे, कारण मूळ कथेत त्यांच्या धाकट्या बहिणीला पाळण्याअभावी कपाटाच्या खणात निजवलेले होते. वडील परागंदा, आई जोड्यांच्या कारखान्यात दोन दोन पाळ्या करणारी, अशा घरातून आलेल्या मुलांना त्या शुभवर्तमानातील दारिद्र्य ही बातमी वाटावी यात नवल नाही. बालकल्याणाचे सरकारी खाते त्या वेळी कोठे होते, अशा अर्थाची त्यांची विचारणा प्रेक्षकाला हसविते. पण ते हसणे कोणाला, हे ठरविताना प्रेक्षक थोडा अडखळतो, आणि तो अडखळतो यातच विनोदाची प्रत कळते.

आता भाषेच्या बारकाव्यांकडे. अमेरिकेतील चर्चमध्ये लूकचा हा अध्याय पिढ्यान्‌पिढ्या १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरातून वाचला गेला आहे. चारशे वर्षांपूर्वीची ती इंग्रजी आजच्या बोलीपासून इतकी दूर गेली आहे की त्यातील काही शब्द आता केवळ याच कथेपुरते जिवंत आहेत. नवजात बालकाला गुंडाळावयाच्या वस्त्रांसाठी तेथे जो शब्द येतो, तो इंग्रजी बोलणारे मूल नाताळाखेरीज वर्षभर अन्यत्र ऐकत नाही. 'गव्हाण' या अर्थाच्या शब्दाचीही जवळजवळ तीच गत आहे. शहरी मुलाला ती वस्तू नाताळच्या देखाव्यातील एक लाकडी खोकी म्हणूनच माहीत. असे शब्द अर्थाने नव्हे तर प्रसंगाने ओळखले जातात. हर्डमन मुले नेमके त्यांच्याचपाशी अडतात, आणि अर्थ सांगितला जाताच त्या शब्दांचे पाणी एकदम हलते. मरियेच्या अवस्थेचे जे सभ्य वर्णन त्या भाषांतरात आहे, त्याचा उलगडा होताच मुले रोजच्या बोलीतील रोखठोक शब्द वापरतात आणि सभ्य घरातील ॲलिस नावाच्या मुलीला मरियेविषयी असे बोलणे शिष्टसंमत वाटत नाही. वस्तुस्थिती एकच, तिला 'गर्भवती' म्हणणे, 'गरोदर' म्हणणे आणि 'पोटुशी' म्हणणे यांत मराठीतही कमीअधिक असेच अंतर आहे. ॲलिसची हरकत अर्थाला नाही, शब्दाच्या पातळीला आहे. पातळी उंच ठेवली की वस्तूकडे पाहावे लागत नाही, हे तिला न शिकविता उमगलेले असते.

मराठी वाचकाला येथे एक चमत्कारिक गोष्ट जाणवेल. मराठी बायबलात या ठिकाणी 'बाळंते' आणि 'गव्हाण' हे शब्द आहेत. दोन्ही घरातील व गोठ्यातील, दोन्ही आजही वापरातील. ज्या ग्रामीण श्रोत्याने ते वचन मराठीत प्रथम ऐकले असेल त्याला अर्थ विचारावा लागला नसेल. म्हणजे हर्डमन मुलांना जे अंतर प्रश्न विचारून ओलांडावे लागले ते मराठी भाषांतरकारांनी शब्दांच्या निवडीतच मिटवून टाकले होते. पण त्यातून दुसराही निष्कर्ष निघतो. अंतरच नसेल तर प्रश्नही निघत नाही. कठीण शब्द हा अडसर असतो तसा कधी कधी दरवाजाही असतो, ही गोष्ट भाषांतराच्या चर्चेत क्वचितच ध्यानात घेतली जाते.

श्रोत्याच्या प्रश्नाला कथनात स्थान देण्याची पद्धती या कथेच्या बाबतीत मराठीला नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापले गेले. त्यात ख्रिस्ताची कथा ओवीत सांगताना मधून मधून श्रोता शंका काढतो आणि पाद्री गुरू तिचे निरसन करतात. पुराणाचा जो बंध या देशात रूढ होता तो स्टीफन्स यांनी स्वीकारला, कारण नव्या श्रोत्याला ही कथा सांगावयाची तर त्याला बोलू दिले पाहिजे हे त्यांनी ओळखले होते. ग्रेस ब्रॅडलीला हे ज्ञान नाइलाजाने होते. तिने प्रश्न विचारू दिले ते तत्त्व म्हणून नव्हे; हर्डमन मुलांना गप्प करण्याचे सामर्थ्य तिच्या अंगी नव्हते म्हणून.

या चित्रपटाचा इतिहासाशी असलेला एक संबंध मात्र, समीक्षकांनी फारसा दाखविला नसला तरी, विचार करण्याजोगा आहे. शीर्षकातील 'पेजन्ट' हा शब्द आज शोभायात्रा, देखावा अशा अर्थाने वापरला जातो. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये तो चाकांवरील रंगमंचाला व त्यावरील नाट्यप्रवेशाला लावीत. यॉर्क, चेस्टर, कॉव्हेंट्री अशा नगरांत निरनिराळ्या व्यवसायांचे संघ बायबलातील एकेक कथाभाग वाटून घेत आणि तो लोकांपुढे सादर करीत. त्या नाटकांत आजच्या चर्चमधील नाटकाला वर्ज्य वाटणारे पुष्कळ काही होते. हेरोद राजा तर त्यातील हमखास आकर्षण होता. तो रंगमंचावर थयथयाट करी, आणि त्याचा आक्रस्ताळेपणा इतका प्रसिद्ध होता की शेक्सपिअरने 'हॅम्लेट'मध्ये भडक अभिनयाचे माप म्हणून त्याचेच नाव घेतले. टाउनली हस्तलिखितातील मेंढपाळांच्या दुसऱ्या नाटकात मॅक नावाचा चोर मेंढी चोरतो, त्याची बायको ती पाळण्यात घालून आपले नवे बाळ म्हणून दाखविते, मेंढपाळ त्या बाळाला काही द्यावे म्हणून परत येतात आणि चोरी उघडकीस येते. त्यानंतर लगेच देवदूत अवतरतो आणि तेच मेंढपाळ खऱ्या बाळाच्या दर्शनाला निघतात. चोराचा पाळणा आणि ख्रिस्ताची गव्हाण एकाच नाटकात शेजारी शेजारी ठेवण्यात त्या अनामिक नाटककाराला अपवित्र असे काही वाटले नाही.

धर्मसुधारणेच्या काळात ही नाटके बंद पडली. कॉव्हेंट्रीची १५७९ साली थांबली, आणि त्याच वर्षी स्टीफन्स गोव्यास पोहोचले, हा निव्वळ योगायोग. पुढे जे बालनाट्य चर्चमध्ये रुजले त्यातून हेरोद बहुधा गळाला, चोर गळाले, हसणेही गळाले. पांढरी चादर पांघरलेले देवदूत तेवढे उरले. हर्डमन मुलांची हेरोदाविषयीची आस्था या पार्श्वभूमीवर पाहावी. हेरोद नाटकात नाही हे त्यांना मुळीच पटत नाही. मूळ कथेत ती ग्रंथालयात जाऊन त्याचा शोध घेतात, आणि तो अंथरुणात मेला हे कळल्यावर संतापतात. चोर पोरांनी ख्रिस्तजन्माच्या नाटकात शिरणे, त्यांनी खलनायकाची मागणी करणे, पाळण्याशी विनोद खेळणे, हे सारे गावाला विटंबनेसारखे दिसते. परंतु ते त्या नाट्यप्रकाराचे हरवलेले अवयव होत. 'हर्डमन' या आडनावाचा इंग्रजीतील जुना अर्थ गुराखी, पशुपाल असा आहे, आणि १६११ सालच्या भाषांतरात तो शब्द त्या अर्थाने आलेलाही आहे. लेखिकेने तो हेतुपुरस्सर योजला असो वा नसो, गुराख्याच्या नावाची ही मुले नाटकात मेंढपाळ न होता राजे होतात, यातील गंमत शब्दकोश उघडणाऱ्याला तरी चुकणार नाही.

भूमिकावाटपाच्या प्रश्नाकडे आता वळणे योग्य ठरेल, कारण चित्रपटाचा अर्धा विनोद त्यावर उभा आहे. ॲलिस ही मुलगी दरवर्षी मरिया होत आली आहे. तिची पात्रता इतकीच की ती स्वच्छ, शांत आणि चित्रातल्या मरियेसारखी दिसणारी आहे. जत्रेतील पालखीचा मान जसा एका घराकडे असतो तसा हा मान तिच्याकडे आहे. इमोजीन तो हिसकावून घेते, आणि मग चर्चमधील मरियेच्या चित्रापुढे उभी राहून आपण तिच्यासारख्या दिसत नाही हे ओळखते. बिआट्रिस श्नायडर या बालअभिनेत्रीने हा भाग जवळजवळ न बोलता केला आहे. तिचा चेहरा मऊ होत नाही, गोंधळतो. आणि हा गोंधळ चित्रपटातील सर्वोत्तम अभिनय आहे असे म्हणण्यास हरकत नाही. साम्य आणि प्रतिनिधित्व या दोन भिन्न गोष्टी होत. ॲलिसचे मरियेशी साम्य आहे, पण कोणत्या मरियेशी? गेल्या काही शतकांतील चित्रकारांच्या. शुभवर्तमानातील मरियेशी, म्हणजे परक्या गावी आसरा न मिळालेल्या गरीब मुलीशी, इमोजीनचे नाते निकटचे आहे आणि ते दिसण्याचे नाही. प्रयोगात ती बाहुलीला उचलून पाठीवर थोपटून ढेकर काढते, तेव्हा प्रेक्षागृहात बसलेल्यांना प्रथमच ते बाळ असल्यासारखे वाटते. धाकट्या भावंडांना वाढविणाऱ्या मुलीच्या हातांना ते ठाऊक असते. तो अभिनय म्हणावा की नाही, याचा निर्णय नाट्यशास्त्राच्या अभ्यासकांवर सोपविलेला बरा.

ज्ञानी पुरुषांचा प्रवेशही असाच. मत्तयाच्या शुभवर्तमानातील सोने, ऊद आणि गंधरस ही दाने हर्डमन बंधूंना निरुपयोगी वाटतात. बाळाला तेलाबिलाचा काय उपयोग? प्रयोगाच्या रात्री ते त्याऐवजी खारवलेल्या मांसाचा एक मोठा तुकडा आणून ठेवतात. तो त्यांना चर्चकडूनच गरिबांसाठीच्या नाताळच्या शिध्यात मिळालेला असतो. यहुदी बालकापुढे डुकराचे मांस ठेवण्यातील विसंगती कथेने मुद्दाम बोलून दाखविलेली नाही, आणि ते शहाणपणाचे झाले. घराकडे असलेल्या एकुलत्या एक मौल्यवान वस्तूचे दान म्हणजे काय हे तेथे एका शब्दाविना कळते. मूळ कथेत प्रयोगानंतर तो तुकडा परत नेण्यास ती मुले नकार देतात, दिलेली वस्तू परत घ्यावयाची नसते म्हणून. ज्यांनी आयुष्यभर इतरांच्या वस्तू उचलल्या त्यांचा हा नियम आहे.

असे सर्व असताना २०२४ चा चित्रपट मूळ कथेच्या तोडीचा ठरत नाही, आणि त्याचे कारण कथनाच्या भाषेत आहे. मूळ पुस्तक एका मुलीच्या निवेदनातून येते. तिला सर्व काही समजत नाही. ती पाहते, सांगते, काही वेळा घाईने मत देते आणि पुढे जाते. चित्रपटात तीच मुलगी प्रौढ होऊन निवेदन करते. लॉरेन ग्रॅहम यांचा आवाज सुरेल आहे, विनोदाची जाणही त्यात आहे, परंतु त्या आवाजाला सर्व आधीच समजलेले आहे. ज्या कथेचा आत्मा प्रथमच ऐकणाऱ्याच्या कानात आहे, ती शेकडो वेळा सांगून गुळगुळीत झालेल्या आठवणीच्या स्वरात ऐकविली जाते. मुलांनी विचारलेला प्रश्न हवेत राहू द्यावा, तर निवेदन लगेच त्याचे तात्पर्य सांगते. ख्रिस्त आपल्याइतकाच हर्डमन मुलांसाठीही जन्मला, हा विचार तर ग्रेसच्या तोंडी स्पष्ट विधान म्हणून घातला आहे. तोच विचार मांसाच्या तुकड्यातून आणि ढेकर काढणाऱ्या हातातून येऊन गेलेला असतो, किंवा येणार असतो. मग त्याच्या उच्चाराने काय साधले? विधान झाले की ते पाठ करता येते. आणि पाठ करता येणे हाच तर या गावाचा रोग होता.

या दृष्टीने १९८३ चा दूरचित्रवाणीपट, साधनांनी दुबळा आणि तासाभराच्या आत आटोपणारा असूनही, अधिक संयमी म्हणावा लागेल. त्याची पटकथा रॉबिन्सन यांनीच लिहिली होती. तेथे निवेदन मुलीकडे, फेअरूझा बाल्क हिने केलेल्या बेथकडे, राहते आणि प्रसंगांना स्वतःच्या पायांवर उभे राहू दिले जाते. त्यात दृश्यसौंदर्य नाही, रंग विटके आहेत, काही बालनट नुसते ओरडतात. तथापि ओरडण्याला या कथेत स्थान आहे. जेन्किन्स हे ख्रिस्तचरित्रावरील 'द चोझन' या मालिकेमुळे ख्यात झालेले दिग्दर्शक आहेत. श्रद्धेचा विषय हाताळण्याचा त्यांना सराव आहे, आणि तो सराव येथे कधी उपकारक तर कधी बाधक झाला आहे. तालमीच्या प्रसंगांत त्यांनी मुलांना मोकळे सोडले आहे. शेवटच्या प्रयोगात मात्र संगीत चढू लागते, कॅमेरा एकेका ओलावलेल्या डोळ्यापाशी थांबतो, आणि प्रेक्षकाने केव्हा भारावून जावे याची सूचना त्याला मिळत राहते.

याच प्रकारातील दुसऱ्या एका चित्रपटाशी तुलना केली तर ही उणीव कोणत्या उंचीवरील आहे हे कळेल. डेबी इसिट यांचा 'नेटिव्हिटी!' हा २००९ चा ब्रिटिश चित्रपट कॉव्हेंट्रीतील एका प्राथमिक शाळेच्या नाताळ-नाटकावर आहे. त्यातील संवाद बव्हंशी उत्स्फूर्त आहेत, मुलांचे बोलणे विलक्षण खरे आहे, मार्टिन फ्रीमन यांचा त्रासलेला शिक्षक लक्षात राहतो. उत्स्फूर्त बोलीचा नमुना म्हणून तो भाषाभ्यासकाने अवश्य पाहावा. परंतु त्यातील नाटक हे स्पर्धेचे आणि कीर्तीच्या स्वप्नाचे निमित्त आहे. महायुद्धात १९४० साली उद्ध्वस्त झालेल्या जुन्या कॅथेड्रलच्या भग्न भिंतींमध्ये अखेरचा प्रयोग होतो, ज्या नगरात मध्ययुगीन हेरोद रस्त्यावर उतरून गरजत असे त्याच नगरात. पण ही कथा काय आहे, असे त्या चित्रपटात कोणीच कोणाला विचारीत नाही. रॉबिन्सन यांच्या कथेत तोच एक प्रश्न विचारला जातो.

हर्डमन मुलांच्या चित्रणावर एक आक्षेप घेता येईल व तो गंभीर आहे. गरीब, बापाविना वाढणारी, अर्धवट शिकलेली मुले म्हणजे रानटी, असे समीकरण येथे विनोदासाठी वापरले आहे काय? पूर्वार्धात ते वापरले आहे यात संशय नाही, आणि चित्रपटाने ते पुस्तकाहून अधिक चवीने वापरले आहे. परंतु भाषेच्या पातळीवर कथा त्या समीकरणाच्या विरुद्ध बाजूला उभी आहे. बर्नस्टाइन यांच्या संकुचित व विस्तृत भाषासंहितांच्या सिद्धान्ताचा १९६० च्या दशकात असा अर्थ लावला गेला की, गरीब घरातील मुलाची भाषाच अमूर्त विचाराला अपुरी असते. लबॉव्ह यांनी १९६९ साली त्याला सप्रमाण उत्तर दिले : अप्रमाण बोलीत तर्क तितकाच चोख चालतो, उलट प्रमाण भाषेचा फुलोराच पुष्कळदा विचाराची पोकळी झाकतो. रॉबिन्सन यांची कथा ही त्याच काळाची अपत्य आहे. पहिल्या तालमीत खरा तर्क चालविणारी मुले एकच कुटुंबातील आहेत. ॲलिस वहीत त्यांचे अपराध टिपून ठेवते. कथेचा अर्थ मात्र तिच्या वहीत कोठेही नाही.

शेवटी देवदूताच्या हाकेचा विचार करावयाचा. धाकटी ग्लॅडिस मेंढपाळांना ख्रिस्तजन्माची वार्ता सांगताना शास्त्रवचनाच्या आधी रस्त्यावरील हाक मारते, इंग्रजीत ज्या हाकेने एखाद्याला पाठीमागून थांबवितात ती. प्रेक्षागृह हसते. पण व्याकरणाच्या दृष्टीने ती हाक वचनाच्या बाहेरची नाही. लूकच्या मूळ ग्रीकमध्ये देवदूताच्या भाषणात 'इदू' हा शब्द आहे, त्याचे काम ऐकणाऱ्याचे लक्ष वेधून घेणे एवढेच. १६११ च्या इंग्रजीत त्या जागी जो शब्द आला तो एके काळी खरोखरच 'पाहा' असे म्हणत होता. आज तो केवळ शास्त्रवचनाची खूण होऊन बसला आहे आणि त्याने कोणीही मान वळवीत नाही. ग्लॅडिसने मेलेल्या अव्ययाच्या जागी जिवंत अव्यय बसविले. नकळत केलेले हे भाषांतर त्या सबंध गावात अर्थाच्या दृष्टीने सर्वांत अचूक आहे.

ही हाक मराठीत आणावयाची तर अडचण उभी राहते. इंग्रजीतील त्या उद्गाराला लिंग नाही, वचन नाही, आदर-अनादर नाही. मराठी संबोधनाला हे सर्व लागते. 'अहो' म्हटले तर ग्लॅडिस एकदम शहाणी मुलगी होते. 'पाहा' हा मराठी बायबलातील शब्द योग्य, परंतु तो आता तिकडेही तितकाच थकलेला. 'ए' एकट्याला मारलेली हाक, आणि मेंढपाळ तर अनेक. शिवाय समोर बसलेला सगळा गाव. 'अरे, ऐका रे!' हे बरेच जवळ येते. त्यात उद्धटपणा आहे, निकड आहे, अनेकांना उद्देशून मारलेली हाक आहे, आणि मेंढरांमागे फिरणाऱ्या माणसांना रात्रीच्या वेळी डोंगरावरून कोणी अशीच साद घातली असती.